हौशी वेल्डरच्या मशीनची जडणघडण

शंभर वर्षांपूर्वी लोखंडाचे दोन तुकडे विजेच्या उष्णतेने वितळवून एकजीव करणे हे कारखान्याचे आणि गोदीचेच काम होते. त्यासाठी मोटर आणि जनरेटर यांची जोडी लागे, ती बसवायला पक्की जागा लागे आणि चालवायला पगारी कारागीर. आज तेच काम करणारे चार-पाच किलोचे मशीन काही हजार रुपयांत मिळते आणि घरच्या पॉवर प्लगवर चालते. कुंपणाचे फाटक, कुंड्यांची मांडणी किंवा कामाचे टेबल स्वतः जोडू पाहणारा नवखा माणूस ते विकत घेऊ शकतो.

या स्वस्ताईपर्यंत पोहोचायला चार अडचणी पार कराव्या लागल्या. धातू वितळवण्याइतका वीजप्रवाह मिळवणे, त्यासाठी लागणारे तांबे आणि लोखंड कमी करणे, वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणे आणि हाताला लागणारे कसब आवाक्यात आणणे, या त्या अडचणी. बाजारातले प्रत्येक स्वस्त मशीन यांतली एखादी सोडवते आणि एखादी वापरणाऱ्याच्या माथी ठेवते. कोणते मशीन काय माथी ठेवते हे त्याच्या जन्मकथेत दिसते, म्हणून पहिले मशीन निवडताना हा इतिहास थेट उपयोगी पडतो.

भट्टी आणि गॅस

विजेच्या आधी जोडकाम भट्टीत होई. बारा बलुतेदारांतला लोहार बैलगाडीच्या चाकाची धाव तयार करताना लोखंडी पट्टीची दोन टोके पांढुरकी होईपर्यंत तापवी, त्यांवर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकून वरचा मळ सोडवी आणि ऐरणीवर घणाचे घाव घालून ती एक करी. या रीतीत धातू पुरता वितळत नाही, मऊ होऊन दाबाखाली सांधला जातो. दिल्लीचा सहा टनांहून अधिक वजनाचा गुप्तकालीन लोहस्तंभही लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकमेकांत मिसळून घडवलेला आहे. अशा कामाला भाता, कोळसा आणि घण मारणारा जोडीदार लागतो. पातळ पत्रा किंवा पोकळ पाइप मात्र या रीतीला दाद देत नाही.

पातळ धातूची वाट गॅसने मोकळी केली. १८९२ साली अमेरिकेत थॉमस विल्सन यांना विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड बनवण्याची व्यापारी रीत सापडली. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलिन वायू सुटतो. हा वायू ऑक्सिजनबरोबर जाळला तर ज्योतीचे तापमान ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातेलिए यांनी १८९५ मध्ये दाखवले. पुढच्या काही वर्षांत फ्रान्समध्येच एदमाँ फूशे आणि शार्ल पिकार यांनी हातात धरून वापरता येईल असा टॉर्च तयार केला. वीज नसलेल्या गावातही हे साधन चालत असल्यामुळे गॅरेजवाले, सायकल बनवणारे आणि छोटे कारागीर यांच्या हाती पहिले खरे वेल्डिंग गॅसच्या रूपाने आले.

गॅसची अडचण साठवणुकीत होती. मोकळा ॲसिटिलिन साधारण एक बारपेक्षा जास्त दाबाखाली आपोआप स्फोट पावू शकतो. कार्बाइडचे डबे वापरणाऱ्या दुकानांतले अपघात याच गुणधर्मातून होत. त्यावर उपाय म्हणून सच्छिद्र पदार्थाने भरलेल्या सिलिंडरमध्ये ॲसिटोन ओतून त्यात हा वायू विरघळवण्याची पद्धत रूढ झाली. कारागीर ज्याला ‘डीए’ म्हणतात तो हाच विरघळवलेला ॲसिटिलिन. भारतात त्याचा सिलिंडर किरमिजी आणि ऑक्सिजनचा काळा असतो. दोन सिलिंडर, दोन रेग्युलेटर, नळ्या, पुन्हा भरून आणण्याची दगदग आणि राहत्या घरात ज्वालाग्राही वायू ठेवण्याचा धोका यांमुळे गॅसचा संच हौशी माणसाला कधीच पुरता सोयीचा झाला नाही.

आर्क आणि रॉड

विजेचा आर्क गॅसच्या टॉर्चपेक्षा जुना आहे. १८०२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला वासिली पेत्रोव यांनी आणि त्यानंतर काही वर्षांनी लंडनला हम्फ्री डेव्ही यांनी मोठ्या बॅटरीच्या साहाय्याने कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये तो पेटवला. मात्र त्याचा उपयोग होण्यासाठी भरपूर आणि स्वस्त वीज हवी होती, आणि तिला पाऊण शतक लागले. १८८१ मध्ये ओग्युस्त द मेरितां यांनी फ्रान्समध्ये बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्या आर्कने जोडल्या. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेले निकोलाय बेनार्दोस यांनी स्तानिस्लाव ओल्शेव्स्की यांच्याबरोबर कार्बनच्या कांडीने वेल्डिंग करण्याचे पेटंट १८८५ मध्ये घेतले. १८८८ मध्ये रशियातल्या पर्म इथल्या तोफांच्या कारखान्यात निकोलाय स्लाव्यानोव यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. ती आर्क पेटवत होती आणि वितळून सांधाही भरत होती. आजच्या रॉडचे मूळ या कल्पनेत आहे.

उघड्या तारेने केलेला सांधा ठिसूळ निघे, कारण वितळलेले लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेते. स्वीडनचे ऑस्कर शेलबर्ग जहाजांच्या बॉयलरची दुरुस्ती करत असताना या प्रश्नाला भिडले. १९०४ मध्ये त्यांनी गोथेनबर्गला एसाब ही कंपनी काढली आणि १९०७ मध्ये लेप दिलेल्या रॉडचे पेटंट घेतले. लेप जळताना वायूचे कवच तयार होते आणि त्याची मळी, म्हणजे स्लॅग, घट्ट होणाऱ्या धातूवर पांघरूण घालते. सांध्याचे संरक्षण रॉडमध्येच आल्यामुळे वेगळ्या वायूची गरज संपली. रॉड वेल्डिंग आजही सर्वांत कमी सामानात होते, ते यामुळेच.

लेपाचा दुसरा परिणाम मशीनच्या किमतीवर झाला. सुरुवातीची मशीने डीसी प्रवाह देत आणि त्यासाठी फिरते जनरेटर लागत. एसी प्रवाह ५० हर्ट्झला सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि उघड्या तारेचा आर्क त्या क्षणी विझतो. सी. जे. होल्सलाग यांनी १९१९ मध्ये एसी वेल्डिंग करून दाखवले, पण ते रूढ झाले १९३० च्या दशकात, जाड लेपाचे रॉड आल्यावर. लेपातली पोटॅशियमसारखी मूलद्रव्ये आर्कमधला वायू विद्युत्वाहक ठेवतात, त्यामुळे शून्यानंतर आर्क पुन्हा पेटतो. मग जनरेटरची जागा एका ट्रान्सफॉर्मरने घेतली. त्यात फिरणारा भाग नाही, झिजणारे बेअरिंग नाही, ब्रश नाहीत. लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि तांब्याची दोन वेटोळी एवढ्यावर काम भागू लागले.

शेतावरची पेटी

हौशी आणि घरगुती वापराचे मशीन या ट्रान्सफॉर्मरमधून जन्मले, आणि त्याला पहिला मोठा गिऱ्हाईकवर्ग अमेरिकेतल्या शेतकऱ्यांत मिळाला. १९२९ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपलटन गावी नील्स मिलर यांनी ग्रामीण भागातल्या मर्यादित विजेवर चालेल असे छोटे एसी मशीन तयार केले. त्या सुमारास अमेरिकेत दहापैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत बहुतेक शेतांवर तारा पोहोचल्या. नांगराचा तुटलेला फाळ गावातल्या लोहाराकडे नेण्याऐवजी गोठ्याशेजारी जोडता येऊ लागला. क्लीव्हलँडच्या लिंकन इलेक्ट्रिक कंपनीचे एसी-२२५ हे उभे, लाल मशीन या वर्गाचा नमुना ठरले आणि पिढ्यान्‌पिढ्या विकले गेले.

अशा मशीनवर छापलेला आकडा नीट वाचायला शिकणे हा हौशी वेल्डरचा पहिला धडा असतो. एसी-२२५ हे २२५ अँपिअर देते, पण २० टक्के ड्यूटी सायकलवर. याचा अर्थ दहा मिनिटांत दोनच मिनिटे वेल्डिंग करायचे आणि उरलेली आठ मिनिटे मशीन थंड होऊ द्यायचे. कारखान्यात हे चालणार नाही. घरी मात्र एक रॉड एक-दीड मिनिटात संपतो, मग स्लॅग फोडायचा, ब्रश मारायचा, पुढचा तुकडा लावायचा. यात विश्रांती आपोआप मिळते. कमी ड्यूटी सायकल म्हणजे कमी तांबे आणि कमी लोखंड, आणि म्हणून कमी किंमत. हौशी मशीन स्वस्त होण्याचे हे पहिले गणित होते आणि ते आजही लागू आहे.

ट्रान्सफॉर्मर मशीनची मर्यादा वीजजोडणीत आहे. आर्क चालू असताना त्यावर वीस-पंचवीस व्होल्टच असतात, पण तो सहज पेटावा म्हणून मशीन मोकळे असताना ७० व्होल्टच्या आसपास देते. १०० अँपिअर प्रवाह ७० व्होल्टच्या वेटोळ्यातून काढला की २३० व्होल्टच्या बाजूने जवळजवळ ३० अँपिअर ओढले जातात. घरच्या १६ अँपिअरच्या प्लगला हा भार पेलत नाही, दिवे मंद होतात आणि एमसीबी पडतो. म्हणून भारतात अशी बरीच मशीने दोन फेजवर, ४१५ व्होल्टला जोडली जातात. त्या जोडणीवर तोच भार १७ अँपिअरच्या आसपास येतो.

महाराष्ट्रातले फॅब्रिकेशन

भारतात वेल्डिंगचा पसारा स्वातंत्र्यानंतर वाढला. १९५१ मध्ये मुंबईत अडवाणी यांच्या पेढीने ओर्लिकॉन या स्विस कंपनीच्या सहकार्याने अडवाणी-ओर्लिकॉन ही रॉड बनवणारी कंपनी स्थापन केली. तीच आज अडोर वेल्डिंग या नावाने ओळखली जाते आणि तिचा एक कारखाना चिंचवडला आहे. रॉड देशात बनू लागल्याने आर्क वेल्डिंग छोट्या दुकानदाराच्या आवाक्यात आले. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम सुरू झाला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि औद्योगिक वसाहतींमधून शिकलेले कारागीर पुढे स्वतःची दुकाने थाटू लागले.

१९५० नंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तशी पश्चिम महाराष्ट्रात या कामाला आणखी एक बाजारपेठ मिळाली. गळीत हंगाम संपला की गिरणीच्या रुळांवर वेल्डिंगचा थर चढवणे, पाइप आणि टाक्या दुरुस्त करणे, उसाच्या ट्रॉल्या बांधणे ही कामे निघत. शहरांत खिडक्यांच्या ग्रिल, जिन्याचे कठडे आणि दुकानांची शटर यांनी गल्लोगल्ली फॅब्रिकेशनची दुकाने चालवली. या दुकानांचे मशीन म्हणजे चाकांवर ढकलायचा जड ट्रान्सफॉर्मर, बहुधा तेलात बुडवून थंड ठेवलेला. रॉडची मापेही तिथे गेजच्या जुन्या हिशेबाने सांगितली जातात. ‘बारा नंबर’ म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर, ‘दहा नंबर’ म्हणजे सव्वातीन आणि ‘आठ नंबर’ म्हणजे चार. हौशी माणसाचा दहा नंबरच्या वर क्वचितच संबंध येतो.

तार आणि निष्क्रिय वायू

रॉड वेल्डिंगमध्ये आर्कची लांबी, रॉडचा कोन आणि पुढे सरकण्याचा वेग हे तिन्ही हाताने सांभाळावे लागतात, आणि रॉड संपत जातो तसे अंतर सतत बदलते. हे कसब कमी करणारी पद्धत विमानांच्या आणि ॲल्युमिनियमच्या उद्योगातून आली. १९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनची न वितळणारी कांडी आणि हेलियम वायू वापरून मॅग्नेशियम जोडण्याचा टॉर्च तयार केला. ही टिग पद्धत. १९४८ मध्ये बॅटेल संस्थेत मोटरने सतत पुढे येणारी तार आणि वायूचे कवच यांची जोडी जमली. ही मिग पद्धत. आरंभी तिला महाग आर्गॉन किंवा हेलियम लागे. १९५३ मध्ये सोव्हिएत संशोधक ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव यांनी कार्बन डायऑक्साइड वापरून पोलादाचे मिग वेल्डिंग केले आणि खर्च एकदम खाली आला.

१९७० आणि ८० च्या दशकांत मोटारींच्या बांधणीत पातळ, अधिक मजबूत पत्रा येऊ लागला. गॅसच्या ज्योतीने त्याचा पोत बिघडतो आणि पत्रा वाकडा होतो, म्हणून गॅरेजमध्ये छोटी मिग मशीने शिरली आणि तिथून ती युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांकडे गेली. मिगमध्ये तारेचा वेग मशीन सांभाळते, त्यामुळे नवशिक्याचा सांधा लवकर दिसण्याजोगा होतो. त्या बदल्यात सिलिंडर, रेग्युलेटर, तारेचे रीळ आणि तार ओढणारी यंत्रणा गळ्यात पडते, आणि उघड्यावर वारा सुटला की वायूचे कवच उडून जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पोटात फ्लक्स भरलेली, वायूशिवाय चालणारी तार आली. आज ‘गॅसलेस मिग’ म्हणून विकली जाणारी छोटी मशीने तिच्यावर चालतात. त्यांचा सांधा रॉडसारखाच स्लॅग आणि शिंतोडे देतो.

इन्व्हर्टर

वजनाचा प्रश्न सुटला तो अर्धवाहकांमुळे. ट्रान्सफॉर्मरचा गाभा किती मोठा हवा हे प्रवाहाच्या वारंवारतेवर ठरते. वारंवारता वाढली की तेवढीच शक्ती लहान गाभ्यातून नेता येते. इन्व्हर्टर मशीन घरची वीज आधी डीसी करते, मग वेगाने उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांनी तिचा काही दहा हजार हर्ट्झचा एसी बनवते, तो मुठीएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून उतरवते आणि पुन्हा डीसी करून रॉडला देते. फिनलंडच्या केंपी कंपनीने १९७७ मध्ये हिलार्क २५० हे या तत्त्वावरचे मशीन बाजारात आणले. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत, चेन्नईत जन्मलेले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले जयंत बालिगा यांनी आयजीबीटी हा स्विच विकसित केला. मोठा प्रवाह कमी नुकसानीत आणि वेगाने चालू-बंद करणारा हा घटक पुढे इन्व्हर्टर वेल्डिंगचा कणा झाला.

सुरुवातीची इन्व्हर्टर मशीने महाग होती आणि नाजूकही. चीनमध्ये इलेक्ट्रॉनिक भागांचे प्रचंड उत्पादन सुरू झाले, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छोटी मशीने जगभर निघाली आणि किंमत घसरली. ट्रान्सफॉर्मरमध्ये किंमत तांब्याच्या वजनावर ठरते, इन्व्हर्टरमध्ये सर्किट बोर्डावर. बोर्ड हजारोंनी बनला की स्वस्त होतो, तांबे होत नाही. याशिवाय इन्व्हर्टर डीसी देत असल्यामुळे आर्क शांत राहतो. रॉड चिकटल्यास प्रवाह तोडण्याची आणि आर्क पेटताना क्षणभर जास्त प्रवाह देण्याची सोय बोर्डातच असते. नवख्या हाताला याचा मोठा आधार मिळतो.

पहिल्या मशीनची निवड

या इतिहासातून निवडीचे निकष सरळ निघतात. अँगल, पट्टी आणि दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड चौकोनी पाइप जोडायचा असेल, तर डीसी इन्व्हर्टरचे रॉड मशीन सर्वांत कमी खर्चाचे आणि पुरेसे असते. मोटारीचा किंवा कपाटाचा एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा जोडायचा असेल, तर मिगवर जास्त पैसे घालणे योग्य ठरते, कारण रॉडने असा पत्रा सहज जळून भोक पडते. स्टेनलेस स्टीलच्या बारीक कामाला डीसी टिग चालते. ॲल्युमिनियमच्या टिग कामाला मात्र एसी लागतो, कारण ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर तोडायला प्रवाहाची दिशा बदलावी लागते. स्वस्त डीसी मशीनवर ‘टिग’ असे छापलेले असले तरी ॲल्युमिनियमसाठी त्याचा उपयोग होत नाही. जुना ट्रान्सफॉर्मर दणकट असतो आणि गावातला वाइंडर त्याची वेटोळी पुन्हा गुंडाळून देतो, पण त्याला योग्य वीजजोडणी आणि जागा दोन्ही हवीत.

मशीनवरचा मोठा आकडा साध्या गुणाकाराने तपासता येतो. २३० व्होल्ट आणि १६ अँपिअरच्या प्लगमधून सुमारे ३.७ किलोवॉट मिळतात. मशीनमधले नुकसान वजा जाता तीन किलोवॉटच्या आसपास उरतात. आर्क पंचवीस व्होल्टला धरला तर ही शक्ती १२० अँपिअरच्या जवळपास जाते. म्हणजे घरच्या प्लगवर २०० अँपिअर सतत मिळणे शक्य नाही, मग पेटीवर काहीही लिहिलेले असो. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर लागतात आणि सव्वातीनच्या रॉडचे काम सुमारे १०० पासून सुरू होते, त्यामुळे ही मर्यादा हौशी कामाला अडवत नाही. मोठ्या आकड्यापेक्षा ड्यूटी सायकल, कमी व्होल्टेजवर चालण्याची क्षमता, होल्डर आणि केबलचा दर्जा आणि बोर्ड दुरुस्त करणारा माणूस जवळ असणे या गोष्टी जास्त मोलाच्या आहेत. ग्राइंडरची लोखंडी भुकटी पंख्यातून आत ओढली गेली की बोर्ड शॉर्ट होतो, म्हणून ग्राइंडिंग मशीनपासून दूर करावे.

रॉड म्हणून ६०१३ वर्गापासून सुरुवात करणे रूढ आहे. तो सहज पेटतो, एसी-डीसी दोन्हींवर चालतो आणि त्याचा स्लॅग लवकर सुटतो. लेप ओलावा ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रॉड हवाबंद डब्यात ठेवावे लागतात.

संरक्षणाची साधने मशीनच्या किमतीत धरूनच अंदाजपत्रक करावे. आर्कमधल्या अतिनील किरणांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि उघडी कातडी भाजते. त्यासाठी दहा किंवा अकरा शेडची काच असलेला मुखवटा, चामड्याचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे लागतात. आर्क पेटताच आपोआप काळी होणारी काच स्वीडनच्या ओके हॉर्नेल यांनी १९८१ मध्ये आणली आणि आज ती कमी किमतीतही मिळते. सांध्याची जागा आर्क पेटेपर्यंत दिसत राहत असल्याने नवशिक्याला ती विशेष उपयोगी पडते. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर घासून काढल्याशिवाय वेल्डिंग केल्यास जस्ताच्या धुराने ताप येतो, म्हणून असे काम उघड्यावर आणि थर काढूनच करावे. अर्थिंग असलेला प्लग, जवळपास लाकूड किंवा पेट्रोल नसलेली जागा आणि हाताशी पाण्याची किंवा वाळूची बादली एवढी तयारी झाली की कमी किमतीचे मशीनही सुरक्षितपणे आणि दीर्घकाळ वापरता येते.